मदत हवी आहे: नव्या खोलीत काळी एकचा खरज फुगतो, तानपुऱ्याची जवारी ऐकूच येत नाही

मंडळी, नमस्कार. नवख्यांसाठी आधीच सांगतो: काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणं, खरज म्हणजे त्या सा च्या खालच्या सप्तकातला सा, आणि जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा झंकार.

मुक्काम बेळगाव, वडगाव. सिस्टीम साधीच आहे. जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, टर्नटेबलला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, शिवाय लॅपटॉप आणि डॅक (लॅपटॉपवरच्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालेल असा सिग्नल करणारं यंत्र). ऐकणं बहुतेक ख्यालाचं. हीच सिस्टीम वर्षानुवर्षं खानापूर तालुक्यातल्या गावच्या घरी सोप्यात होती आणि तिथे सुरेख वाजायची. घर कौलारू, भिंती बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या, जमीन सारवलेली, एक बाजू पडवीकडे उघडी. आता सगळं शहरातल्या नव्या स्लॅबच्या खोलीत आणलंय आणि आवाजाचा पार विचका झालाय.

खोली १२ बाय १६ फूट, उंची १० फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. स्पीकर १२ फुटी भिंतीपाशी, भिंतीपासून दीड फुटावर. माझी खुर्ची समोरच्या भिंतीला टेकून आणि कपाटामुळे जरा उजवीकडे. टाळी वाजवली की भिंतींमध्ये झर्रकन आवाज फिरतो. शेजारी पावरलूम आहेत, त्यामुळे दिवसा खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

त्रास असा: काळी एकच्या आसपास गाणारा कुठलाही पुरुष गायक लावला की तानपुऱ्याचा खरज सगळी खोली भरून टाकतो. जोडाच्या तारा (मधल्या, सा ला लावलेल्या दोन) वेगळ्या कळत नाहीत. गायक षड्जावर थांबला की त्याचा सा सुद्धा अंगावर येतो, आणि रिषभावर गेला की एकदम बारीक होतो. बायकांचं गाणं, विशेषतः काळी पाचचं, त्या मानाने स्वच्छ.

रेकॉर्डिंगचा दोष नाही याची मला खात्री आहे. घरात मिरजेचा तानपुरा आहे. तो काळी एकला लावून याच खोलीत छेडला, तर खुर्चीवर बसणाऱ्याला खरज तसाच फुगलेला ऐकू येतो. पडवीत नेला की तोच तानपुरा मोकळा बोलतो.

रूम इक्यू विझार्ड या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर, मित्राचा मोजमापाचा माइक आणून स्वीप घेतले, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवून खोलीचा आवाज मोजला. ७० आणि १४१ हर्ट्झला दोन उंच डोंगर दिसतात. नेमके हेच दोन आकडे का, हे मला उलगडलेलं नाही.

एका दुकानात विचारलं तर स्पीकरच्या वायरी बदला म्हणाले आणि किंमत ऐकून मी परत आलो. नवीन काही विकत घ्यायचं नाही असं नाही, पण आधी आजार कळू दे. दोन अडचणी सांगून ठेवतो. खोलीचा डावा कोपरा गणपतीचा आहे, त्यामुळे तिथे काही लावलं तर चतुर्थीला काढता आलं पाहिजे. आणि इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जूनपासून गाद्यांना वास सुटतो, गेल्या वर्षी रेकॉर्डच्या कव्हरांवर बुरशी धरली. त्यामुळे कापूस, काथ्या, फोम यातलं काय टिकेल ते अनुभवी लोकांनी सांगावं.

सुळेभावी इथून फार लांब नाही. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, १९२४ चा. तानपुरा लावण्यावर किती जीव टाकता येतो हे ज्यांच्याकडून आपण शिकलो, त्यांच्या ध्वनिमुद्रणात तो तानपुरा नीट ऐकू यावा एवढीच माझी इच्छा आहे.

प्रतिसाद: खरजातला, धारवाड

तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे, फक्त गणित मांडायचं राहिलंय.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लहर अडकते तिची पहिली कंप्रता म्हणजे ११२५ भागिले अंतराची दुप्पट. १६ फुटांना ३५ हर्ट्झ, मग तिच्या पटी: ७०, १०५, १४१. १२ फुटांना ४७, मग ९४ आणि १४१. बघा, १६ ची चौथी आणि १२ ची तिसरी एकाच जागी येतात, कारण ४ गुणिले १२ म्हणजेच ३ गुणिले १६. खोलीची लांबी-रुंदी ४ ला ३ अशी असली की हे होणारच. दोन्ही लहरी एकमेकींवर चढून १४१ चा डोंगर झालाय.

आता काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ. त्याच्या खालचा खरज ६९.३. म्हणजे तुमच्या खोलीने नेमका हाच षड्ज आणि हाच खरज उचलून धरलाय. काळी पाचला खरज ११६.५ वर जातो, तिथे समोरासमोरच्या भिंतींमधली लांबीची किंवा रुंदीची एकही लहर नाही, म्हणून ते गाणं सुटसुटीत लागतं. तुमचा कान आणि ग्राफ दोन्ही बरोबर आहेत.

गावच्या सोप्यात हे का नव्हतं? कौलांच्या फटींतून आणि उघड्या पडवीतून खालचे सूर बाहेर निघून जातात. स्लॅबची खोली म्हणजे झाकण लावलेली घागर, आत गेलेला सूर बाहेर पडायला वाटच नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या खुर्चीची. भिंतीपाशी प्रत्येक लहरीचा दाब सर्वात जास्त असतो, आणि तुम्ही भिंतीलाच टेकून बसलाय. मागच्या भिंतीपासून ६ फूट पुढे या. तिथे लांबीची १४१ वाली लहर जवळजवळ शून्य होते आणि ७० वालीसुद्धा थोडी उतरते. ४ फुटांवर उलटं होईल, ७० मरेल पण १४१ पूर्ण जोरात राहील. म्हणून ५ ते ६ च्या दरम्यान इंचाइंचाने सरकत ऐका. कपाट हलवा आणि बरोबर मध्यावर बसा, दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवा. मग रुंदीची १४१ सुद्धा तुमच्यापुरती गप्प होते. स्पीकर दीड फुटावरून ३ फुटांवर ओढा, तिथून ७० ची लहर बरीच कमी उठते. मग तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये साडेसात फूट उरतात, बुकशेल्फला ते भरपूर झालं.

एवढं करून पुन्हा स्वीप घ्या. पैसा एकही लागत नाही.

प्रतिसाद: पाऊसपाणी, निपाणी

वरच्यांनी सांगितलंय ते आधी करा की ओ, मग सामानाचं बघू.

कापसाची गादी कोपऱ्यात उभी करू नका. श्रावण उलटेपर्यंत आतून काळी पडते, आमच्याकडं पडलीय. अंड्याचे ट्रे आणि एक इंची फोमच्या पट्ट्या तर खालच्या सुराला हातसुद्धा लावत नाहीत, नुसती जवारी खातात, म्हणजे जे हवंय तेच जातं. १४१ च्या लहरीचा चौथा हिस्सा २ फूट होतो, ७० चा ४ फूट. एवढ्या जाडीच्या हिशोबात एक इंच कुठं लागायला?

रॉकवूल घ्या. दगडापासून केलेली लोकर असते, बुरशीला त्यात खायला काही नाही. ऑडिओच्या दुकानात विचारू नका, साखर कारखान्यात वाफेच्या पायपांना लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टण) करणारे असतात त्यांच्याकडं किंवा उद्यमबागेत फौंड्र्यांना भट्टीच्या इन्सुलेशनचा माल पुरवणाऱ्यांकडं चौकशी करा. घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब मागा. लाकडी चौकटीत ४ किंवा ६ इंच जाड भरायचं आणि वरून सुती कापड ताणायचं. वडगावात राहून कापडाला काय तोटा? भरताना हातमोजे आणि नाकाला मास्क पाहिजेच, नाहीतर तूस टोचते. चौकट भिंतीला चिकटवायची नाही, मागं चार बोटं हवा खेळू द्या. त्याने ओलही धरत नाही आणि खालचे सूरही जास्त शोषले जातात. पायावर उभी केली की गणपतीला उचलून बाजूला ठेवता येते.

टाळीचा झर्रकन जाणारा आवाज वेगळा रोग आहे. त्याला स्पीकरपुढं जमिनीवर नवलगुंदचा जमखाना टाका, खाली दुहेरी घोंगडी घाला. बाजूच्या एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट पुरतं. फार मऊ करून सोडू नका, तानपुरा मेल्यासारखा होतो.

प्रतिसाद: जुनी तबकडी, बेळगाव

वायरीबद्दल थोडं. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ५ मीटर लांब घेतली तरी जाऊन-येऊन ०.०८ ओहमपेक्षा जास्त विरोध होत नाही. ८ ओहमच्या स्पीकरला तो काहीच नाही. तुम्ही परत आलात ते योग्यच केलंत.

लॅपटॉपवरून ऐकताना ७० ला इक्यूने (ठराविक कंप्रता कमी-जास्त करायच्या सोयीने) थोडं दाबता येईल. पण आधी जागा, मग चौकटी, आणि इक्यू शेवटी. टर्नटेबलला तसाही इक्यूचा आधार नाही.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. ४ ला ३ चं गणित वाचून फार मोकळं वाटलं.

काल कपाट दुसऱ्या खोलीत नेलं, स्पीकर ३ फुटांवर आणले, खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर मध्यावर ठेवली. १४१ चा डोंगर ग्राफमध्ये आता ओळखू येत नाही. ७० चा निम्म्याहून कमी राहिलाय. जोडाच्या तारा खरजापासून सुट्या ऐकू येतात आणि षड्जावरून रिषभावर जाताना गायकाचा आवाज एकाच माणसाचा वाटतो. जमखाना घरात होताच, तोही अंथरला.

उरलेल्या ७० साठी चौकटी करायच्या ठरवलंय. उद्यमबागेत या आठवड्यात जाऊन येतो. निपाणीकर, एकच विचारायचं राहिलं: मागच्या दोन कोपऱ्यांत ६ इंची चौकटी तिरप्या उभ्या कराव्यात, की मागच्या भिंतीवर मधोमध एकच रुंद करावी? कोपरे दोन्ही मोकळे करता येतील, फक्त डावा भाद्रपदात अकरा दिवस सोडून.