विषय: पाण्याचे ड्रम – शनिवारी न्यायला कोण कोण येतंय?

प्रेषक: मंदार
मंडळी, कॅलिफोर्नियातल्या भूकंपाच्या तयारीसाठी आपण मंडळात मिळून मागवलेले ड्रम आले. अकराच्या अकरा माझ्या गॅरेजमध्ये आडवे पडलेत आणि माझी गाडी तीन दिवस रस्त्यावर आहे. ऑर्डर देताना सगळे हो म्हणाले होते, काल दोघांचा निरोप आला, "बघतो". बघण्यासारखं काही नाही, निळा ड्रम आहे. शनिवारी दहा ते बारा. सेडान आणू नका, मावणार नाही. टेबलांच्या वेळचं आठवतंय ना?

प्रेषक: रश्मी
मंदार, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत ठेवला तर चालेल का? आणि एक ड्रम चौघांना पुरतो?

प्रेषक: मंदार
माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर. पिण्याला आणि जुजबी धुण्या-पुसण्याला. चौघांचे दोन आठवडे धरले तर 56 गॅलन होतात, ड्रम 55 चा. हिशोब करूनच घेतलाय. बाल्कनीत मात्र नको, भरल्यावर दोनशे किलोच्या वर जातो. भूकंपाच्या तयारीत बाल्कनी पडायला नको.

प्रेषक: सुनंदाकाकू
मी लातूरची. 2016 साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या गावी आली तेव्हा माझी धाकटी बहीण तिथंच होती. त्यामुळे पाणी साठवण्यावर मला कुणी भाषण देऊ नये. ड्रम तिच्याकडेही होता, पण त्याचं अख्खं झाकण निघायचं आणि तांब्या घालून पाणी काढता यायचं. मंदारच्या फोटोतल्या ड्रमला वर नुसती दोन बुचं आहेत. माझी मूठही आत जाणार नाही. दोनशे किलोचं ते धूड वाकवणार कोण, मी?

प्रेषक: मंदार
काकू, त्याला हातपंप लागतो. बुच उघडायचा पानाही वेगळा येतो. दोन्ही सुरुवातीला यादीत होते, पण माणशी खर्च वाढत होता म्हणून काढले. मंडळातर्फे दोन पंप घेऊ आणि आळीपाळीने वापरू असं ठरलंय.

प्रेषक: विनय
ठरलंय म्हणजे कुणी ठरवलं? खजिनदार म्हणून मला तरी कुणी विचारलेलं नाही. आणि आळीपाळी इडलीच्या स्टीमरला ठीक आहे. भूकंपानंतर पूल बंद, सिग्नल बंद, अशा वेळी सॅन होजेहून फ्रीमाँटला पंप मागायला कोण जाणार? हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंपाची भेग, तर फ्रीमाँटच्या खालूनच जाते.

प्रेषक: नाना
विनयचं ऐका. 17 ऑक्टोबर 1989 चा भूकंप, संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटं. मी सॅन फ्रान्सिस्कोत ऑफिसात, ही धाकट्याला घेऊन ओकलंडला, आणि मधल्या बे ब्रिजचा एक तुकडा खाली आलेला. घरी पोचायला मला दुसरा दिवस उजाडला. गावातल्या गावात फोन लागत नव्हता, पण न्यू जर्सीला माझ्या मेव्हण्याकडे लागला. हिनेही तिकडेच केला होता, म्हणून एकमेकांची खबर कळली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, काही झालं की दोघांनीही न्यू जर्सीला कळवायचं. ड्रमआधी हे करा, पैसे पडत नाहीत.

प्रेषक: समीर
नाना, भारी. मी तर गॅसच्या मीटरला पाना तारेने बांधूनच ठेवलाय. हादरा थांबला की पहिलं काम गॅस बंद.

प्रेषक: नाना
समीर, तसं करू नकोस! वास आला, फुस्स आवाज आला किंवा मीटर उगाच गरगरायला लागला तरच बंद करायचा. बंद केलेला गॅस आपण पुन्हा सुरू करायचा नसतो, कंपनीचा माणूस यावा लागतो. सगळ्या गावाला तोच हवा असेल तेव्हा तुझी पाळी कधी येणार? पाना राहू दे तिथंच. बूट आणि बॅटरी मात्र पलंगाजवळ ठेव. पहिली जखम पायाला होते, फुटलेल्या काचेने.

प्रेषक: सुनंदाकाकू
बुटांचं खरं आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, 1993 ला, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला आम्ही अनवाणीच रस्त्यावर. लातुरात आम्ही वाचलो, पण तिकडे गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढे कितीतरी दिवस आई अंगणातच झोपायची.
तर पाण्याचं. पंप सापडला नाही तर ड्रम नुसती शोभा. त्यापेक्षा पाच गॅलनचे डबे घ्या, भरलेला साधारण 19 किलोचा. सून उचलते, नातू ढकलतो.

प्रेषक: रश्मी
डब्यांना माझं अनुमोदन, लिफ्टमधूनही नेता येतील. कुणी नळाच्या पाण्यात ब्लीच घालायला सांगतं. घालायचं का?

प्रेषक: मंदार
नळाचं पाणी आधीच क्लोरीनचं असतं, घालू नकोस. सहा महिन्यांनी बदल, इथे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर मागे-पुढे करतो तेव्हा लक्षात राहतं. आणि भरताना बागेचा हिरवा पाइप नको. आरव्हीवाले, म्हणजे फिरत्या घरगाड्या असणारे, पिण्याच्या पाण्यासाठी पांढरा वापरतात, तो आण.

प्रेषक: समीर
पण गरम पाण्याच्या टाकीत 40-50 गॅलन असतंच की! वरून येणारा नळ आणि बर्नर बंद केला, घरातला एखादा गरम नळ उघडला, की खालच्या तोटीतून काढता येतं. फुकट.

प्रेषक: विनय
ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांना. आम्ही मागच्या वर्षी टँकलेस, म्हणजे बिनटाकीचा गीझर बसवला, समीरच्याच सल्ल्याने. आणि टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली नसेल तर ती आडवी पडणार, पाणी गॅरेजभर.

प्रेषक: समीर
तेव्हा वीजबिलाबद्दल बोलत होतो, पाण्याबद्दल नाही.

प्रेषक: विनय
गॅसचा आहे तो.

प्रेषक: नीलिमा
जेवणाचं कुणीच बोलत नाही. कुकर लावायचा तर पाणीही हवं आणि गॅसही. मी पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाणे आणि खाकरे ठेवलेत. दडप्या पोह्यांना चूल लागत नाही. (नारळ मात्र फोडता यायला हवा.)

प्रेषक: मंदार
बरं. अकरांतले सात ड्रम जातात, चार परत करतो. पंप मात्र ड्रमवाल्यांनी ज्याचा त्याने घ्यायचा. मंडळाचा पंप नाही, वाद नाही. विनय, हिशोब तुलाच पाठवतोय. शनिवार तोच, वेळ तीच.

प्रेषक: सुनंदाकाकू
माझं नाव ड्रमांतून काढ, डब्यांत घाल. चार. आणि येताना मंडळाची हातगाडी आण, माझ्याकडून गणपतीत नेलेली.