बाळं दगावत होती, मग दोष आयांचा का?

किनारा: १९०१ साली इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजारातली १५१ बाळं वर्षाच्या आत दगावली. डॉ. जॉर्ज न्यूमन यांनी १९०६च्या पुस्तकात हा मुख्यतः मातृत्वाचा प्रश्न ठरवला. मला हे अजिबात पटत नाही. आया कामाला जातात म्हणून म्हणावं, तर उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणगावांत लग्न झालेल्या बायका क्वचितच बाहेर कामाला जात, तरी तिथेही बाळं भरमसाट मरत होती. गरिबीचा अभ्यास करणाऱ्या सीबोम राउंट्रींनी यॉर्क शहरात मोजलं: सर्वांत गरीब वस्तीत हजारी २४७, नोकर ठेवणाऱ्या घरांत ९४. आईच्या मायेत एवढा फरक असतो का?

रानजाई: गरिबीच सगळं असेल, तर लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ज्यू कुटुंबांचं काय? तीही गरीब, दाटीवाटीनं राहणारी. पण आया बाळाला बराच काळ अंगावर पाजत आणि बाळं कमी दगावत. वरच्या दुधाच्या बाटलीला तेव्हा लांब रबरी नळी असे. ती आतून घासताच येत नसे. हे कुणी सांगायला नको होतं? हडर्सफील्डचे महापौर ब्रॉडबेंट यांनी तिथल्या लाँगवूड भागात बाळ वर्षाचं झालं की एक पौंड देऊ केला, घरोघरी भेटी सुरू झाल्या. १९१०ला देशाचा आकडा १०५वर आला. मजुरी काही तेवढी वाढली नव्हती.

किनारा: आणि १९११? कडक उन्हाळा पडला, आकडा १३०. वर्षभरात आया शिकलेलं विसरल्या? टोपलीचे संडास, घरामागचे उकिरडे, रस्त्यावर घोड्यांची लीद, आणि तिथल्या माशा थेट दुधावर! मुळात दूधच खराब यायचं, म्हणून तर सेंट हेलेन्सच्या नगरपालिकेनं १८९९मध्ये स्वतःचं दूधकेंद्र काढलं.

रानजाई: माशांचं मान्य. पण जुलाबानं जाणारी बहुतेक बाळं वरच्या दुधावरचीच होती, हे सोडून कसं चालेल?

माजघर: तुम्ही दोघंही जुलाबावरच अडलात. पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचं काय? ती अपुऱ्या दिवसांची, जन्मतःच अशक्त. ते मृत्यू त्या काळात फारसे घटलेच नाहीत. विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या बायकांच्या संघटनेनं १९१५मध्ये कामगार बायकांची पत्रं छापली. पोटुशी बाई शेवटच्या दिवसापर्यंत राबते, नवऱ्याला-पोरांना आधी वाढते, उरलंसुरलं स्वतः खाते. ती पत्रं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. तिला बाटली धुवायला शिकवण्याआधी कुणीतरी जेवायला वाढायला हवं होतं.