रॉब आणि स्टील
इंग्रजीतल्या रॉब (rob) आणि स्टील (steal) या क्रियापदांत फरक काय, यावर कुणीतरी म्हटलंय की रॉब म्हणजे धाकदपटशाने लुटणं आणि स्टील म्हणजे गुपचूप चोरणं. कायद्यात ठीक आहे, पण बोलताना कुलूपबंद घर फोडलं तरी लोक 'रॉब्ड'च म्हणतात. मला विचाराल तर खरी मेख वाक्यातल्या कर्मात आहे, म्हणजे क्रिया कुणावर किंवा कशावर होते त्यात. रॉब होतो तो माणूस किंवा जागा. स्टील होते ती वस्तू. बँक रॉब करतात, पैसे स्टील करतात. लोकलमध्ये पाकीट मारलं गेलं की आपण बिनदिक्कत 'माय वॉलेट वॉज रॉब्ड' म्हणतो, कारण मराठीत दुकानही लुटतात आणि दागिनेही. उलट 'आय वॉज स्टोलन' म्हणालात तर तुम्हालाच कुणी पळवून नेल्यासारखं होईल! गंमत म्हणजे आपल्याकडूनच गेलेलं 'लूट' इंग्रजीतही दोन्हीकडे चालतं.