क्लायंटच कायम नोकरी देतोय: बिलं बंद करून पगारावर जावं का?

सिडको_पॅनेलवाला

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, राहायला नाशिकच्या सिडकोत. अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंग आणि साइटवरचं कमिशनिंग, म्हणजे मशीन चालू करून देणं, 2022 पासून बघतो. महिन्याला 1,20,000 चं बिल लावतो. कंपनी 194जे या व्यावसायिक फीच्या कलमाखाली 10 टक्के टीडीएस कापते. रिटर्नमध्ये मी 44एडीए या व्यावसायिकांसाठीच्या कलमाने जमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवतो. 2025-26 चे दर धरले तर कर शून्य येतो आणि कापलेले पैसे परत मिळतात. वर्षाची जमा 20 लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नाही.

आता मालक म्हणतात, 1 फेब्रुवारी 2026 पासून कायम व्हा. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 15 लाख, त्यात बेसिक महिना 62,500. पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली. पत्रात नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे आणि ‘इतर कोणतंही काम करता येणार नाही’ असं एक वाक्य आहे. माझं अडतंय ते तिथेच. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसचे प्रीकूलिंग (द्राक्षं आधी थंड करण्याचे) पॅनेल मी सांभाळतो. रात्री दोनला कॉम्प्रेसर ट्रिप झाला तरी जातो, कारण सकाळी कंटेनर भरायचा असतो. हंगामाला दीडेक लाख येतात, पण पैशापेक्षा ती माणसं माझ्या भरवशावर आहेत.

दुसरीकडे पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघतोय, बँकवाले आधी सॅलरी स्लिप मागतात. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. काय करावं?

सातपूरकर

भाऊ, मी हेच केलं आणि मला ते मानवलं. एक सांगतो, ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील धरले आहेत का आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असताना बाहेर पॉलिसी काढायला गेलात की प्रीमियम आणि प्रतीक्षाकाळ दोन्ही कळतील. माझ्या घरी निर्णय या एका मुद्द्यावर झाला. ग्रॅच्युइटी मात्र 5 वर्षं सलग केल्याशिवाय हातात पडत नाही, ती आज पगारात मोजू नका.

नाशिकरोडची_करसल्लागार

आधी आकडे मांडते, नवी करप्रणाली धरून. 15 लाखांतून कंपनीचा पीएफ 90,000 आणि ग्रॅच्युइटी साधारण 36,000 वजा केली की वर्षाचा पगार राहतो 13,74,000 च्या आसपास. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र रक्कम 12,99,000. ती 12 लाखांच्या वर गेल्यामुळे 87ए ची, कर शून्य करणारी सूट नाही, सेससह कर सुमारे 78,000. तुमचा पीएफ वाटा 90,000 आणि व्यवसाय कर 2,500 गेला की महिन्याला हातात जेमतेम एक लाख. म्हणजे आजच्या बिलापेक्षा वीस हजार कमी, पण दोन्ही वाटे मिळून वर्षाला 1,80,000 पीएफमध्ये साठतात. हातात जास्त हवे असतील तर पीएफ 15,000 पगाराच्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 ठेवून उरलेलं पगारात मागा. मग हातात 1,10,000 च्या थोडं वर येतील. कंपन्या हे मान्य करतात, विचारावं लागतं.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही कंपनीत हजेरीचा थंब लावता का? सुट्टीला कुणाची परवानगी घेता? लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कुणाचं? साइटवर कधी जायचं हे कोण ठरवतं?

सिडको_पॅनेलवाला

थंब लावतो. सुट्टी प्रॉडक्शन मॅनेजरना विचारून. लॅपटॉप, लायसन्स कंपनीचं. साइटची तारीख तेच देतात. पॅकहाऊसला मात्र सगळं माझं: मीटर, टूल किट, गाडी, वेळ. दर पण माझाच.

नाशिकरोडची_करसल्लागार

मग स्पष्टच लिहिते. करारावर ‘सल्लागार’ लिहिलं म्हणून माणूस सल्लागार ठरत नाही. धरंगधरा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच सांगितलं की काम काय करायचं एवढंच नव्हे, ते कसं करायचं हेही समोरचा ठरवू शकतो का, ही मुख्य कसोटी. तो खटला मिठागरात मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा होता आणि ते कामगारच ठरले. निकाल औद्योगिक कायद्यातला, पण नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हा वाद पीएफ किंवा आयकरात निघाला तरी असेच प्रश्न विचारले जातात. आजच्या उत्तरांवर अंबडमध्ये तुम्ही नोकरदार दिसता आणि पॅकहाऊसमध्ये खरे व्यावसायिक.

44एडीए हे व्यवसायाच्या उत्पन्नासाठी आहे, पगाराला लागत नाही. उद्या कुणी अंबडची जमा पगार धरली, तर 14,40,000 वर 2025-26 च्या दराने कर 88,000 च्या आसपास होईल, आणि वर व्याज. कंपनीलाही पगाराचा टीडीएस का कापला नाही याचा जाब द्यावा लागेल. तुमचं पूर्वीच्या नोकरीतलं पीएफ खातं असेल तर त्या बाजूनेही प्रश्न येऊ शकतो, कारण एकदा सभासद झालेल्याला पगार जास्त असला तरी सहसा बाहेर ठेवता येत नाही. कंपनीच्या ऑडिटरने हे दाखवलं असेल म्हणूनच ऑफर आली असं मी म्हणणार नाही, पण मालकांना ‘आत्ताच का?’ हे जरूर विचारा.

आता तारीख. 1 फेब्रुवारीला रुजू झालात तर एकाच वर्षाच्या 26एएसमध्ये (कापलेल्या कराच्या उताऱ्यात) त्याच कंपनीच्या टॅन नंबरखाली दहा महिने 194जे आणि दोन महिने 192, म्हणजे पगाराचा टीडीएस, दिसेल. टेबल तेच, काम तेच. 1 एप्रिल 2026 मागा. मागची वर्षं त्याने धुऊन निघत नाहीत, पण हिशेब वर्षागणिक वेगळा राहतो, आणि यंदाच्या हंगामाचा मोठा भाग तुम्हाला मोकळा मिळतो. त्याच दिवशी 2025 चा नवा आयकर कायदा लागू होतोय, तेव्हा पुढे कलमांचे आकडे बदललेले दिसले तर गोंधळू नका.

आणि नोकरी नाकारायची असेल तर सध्याच्या पद्धतीने चालू ठेवू नका, हे कळकळीने सांगते. थंब बंद, स्वतःचा लॅपटॉप, प्रोजेक्टनिहाय बिल, आणि दुसरा एखादा नियमित क्लायंट. कंपनी यातलं काही मान्य करत नसेल, तर तिला नोकर हवाय. मग नोकराचे हक्क घ्या.

सातपूरकर

ताई, पॅकहाऊसच्या वाक्याचं काय?

नाशिकरोडची_करसल्लागार

बदलून घ्यायचं. ‘कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा नसलेलं, कामाच्या वेळेबाहेरचं काम लेखी परवानगीने करता येईल’ असं लिहा, आणि दोन्ही पॅकहाऊसची परवानगी ऑफरबरोबरच घ्या. तोंडी ‘चालतंय हो’ नको, मॅनेजर बदलला की कुणाला आठवत नाही. पॅकहाऊसचं उत्पन्न पगाराच्या जोडीला 44एडीएखाली दाखवता येतं. मात्र तिथलं निम्मं उत्पन्न पगारात मिळून कर वाढेल, त्याचा ॲडव्हान्स टॅक्स 15 मार्चपर्यंत भरा.

सिडको_पॅनेलवाला

सोमवारी मालकांना भेटतोय. 1 एप्रिल, पीएफ 1,800 वर, वडिलांचा विमा ईमेलवर आणि पॅकहाऊसची लेखी परवानगी. परवानगी नाही म्हणाले तर थंब बंद करून प्रोजेक्टवर बिल लावायचं विचारणार आहे. काय ठरतं ते इथे लिहितो.