'क्रिएटिव्ह प्लेसमेकिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कोरा कागद
एका विद्यापीठाची माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. कला आणि वास्तुकला अशा दोन्ही अंगांनी 'क्रिएटिव्ह प्लेसमेकिंग' शिकवणारा अभ्यासक्रम आहे. हाती आलेल्या मसुद्यात 'सर्जनशील स्थाननिर्मिती' असं आहे. बारावीतल्या एका मुलीनं ते वाचून विचारलं, "यात बांधकाम शिकवतात का?" शब्द नुसता जड असता तर चाललं असतं, हा भलतीकडेच नेतोय. मुलं प्रत्यक्षात काय करतात, तर एखादा ओसाड चौक किंवा बंद पडलेली इमारत निवडतात, आसपासच्या लोकांशी बोलतात आणि भित्तिचित्रं, बसायची सोय, प्रकाशयोजना, तात्पुरत्या मांडण्या यांतून तिथे पुन्हा वर्दळ होईल असं बघतात. शब्द सुचवा.

ओळंबा
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आम्ही स्टुडिओत 'साइट' म्हणतो. साइटला हद्द असते, उतार असतो, मोजमाप असतं. तिथे माणसं रुळली की मग ती 'प्लेस'.
मागच्या सत्रात आम्हाला एका चौकात बसवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी नकाशावर खुणा करायच्या: बसलेल्यांसाठी निळा ठिपका, उभ्यांसाठी लाल, नुसतं ओलांडून जाणाऱ्यांसाठी बाण. दुपारी सगळे निळे ठिपके पायऱ्यांच्या एका टोकाला सरकले, कारण सावली तेवढीच होती. नवे दगडी बाक रिकामे. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे चौक कॅमेऱ्यानं टिपले, तेव्हा हलवता येणारी खुर्ची माणसं बसण्याआधी जराशी का होईना सरकवतात, हे त्यांच्या लक्षात आलं. जागा आपलीशी होते ती अशी. म्हणून 'निर्मिती' नको. 'जागा घडवणं' म्हणा.

शब्दपारखी
'जागा' फारसी आहे. 'स्थान' हा आपला धड शब्द असताना तो का टाकायचा? नॉर्वेचे वास्तुविचारक क्रिश्चन नॉर्बर्ग-शुल्झ यांनी 'जागेची रक्षकदेवता' ही रोमन कल्पना वास्तुविचारात पुन्हा आणली. तिच्या जवळ जाणारा 'स्थानमाहात्म्य' हा शब्द मराठीत तयार आहे. शिकणाऱ्याला अशा शब्दांचा आधार मिळाला पाहिजे.

मृदंग
फारसी-अरबी काढायचं तर 'जमीन', 'इमारत', 'नकाशा' सगळंच जाईल. मग वास्तुकला शिकवणार कशात? आणि 'स्थान' म्हटलं की गुणतालिकेतलं स्थान आठवतं. चौकात जाऊन कुणी म्हणतं का, "काय छान स्थान आहे"?

गोधडी
मला तर 'जागा' यासाठीच आवडतो की त्यात जाग आहे. जिथे जाग असते ती जागा. 'जागा जागवणं' कसं वाटतं?

शब्दपारखी
दोन्हींचा काडीचा संबंध नाही. जागं होणं संस्कृत 'जागृ'वरून, आणि ही जागा फारसीतून आलेली. असल्या व्युत्पत्ती पसरवू नयेत.

गोधडी
मुळं वेगळी असतील, मान्य. पण ऐकणाऱ्याच्या कानात ती एकत्र येतात ना? कवितेत चालतं ते पुस्तिकेत का नाही?

पायवाट
मी वस्त्यांमध्ये चित्रकलेच्या कार्यशाळा घेतो. माझा आक्षेप 'घडवणं', 'निर्मिती' दोन्हींना आहे. २०१० साली अमेरिकेत अ‍ॅन मार्कुसेन आणि अ‍ॅन गाडवा यांच्या अहवालाने ही संज्ञा रुळवली. शासन, उद्योग, संस्था आणि रहिवासी मिळून कला-संस्कृतीच्या आधारे परिसराला रूप देतात, असा तिचा आशय. म्हणजे 'क्रिएटिव्ह' इथे 'सर्जनशील' नाहीच, 'कलाधारित' आहे. पण लगेच प्रश्न आला: तिथे आधी काहीच नव्हतं का? कलाधोरणावर लिहिणारे रॉबर्टो बेडोया यांनी हा मुद्दा लावून धरला आणि 'प्लेसकीपिंग'चा, म्हणजे आधीपासून आहे ते जपण्याचा आग्रह धरला. ह्यूस्टनमध्ये १९९३ साली रिक लो आणि इतर कलाकारांनी २२ जुनी छोटी घरं पाडू न देता 'प्रोजेक्ट रो हाउसेस' हा कलाप्रकल्प उभा केला. त्या घरांमधला लोकांचा वावर, आठवणी आधीपासून होत्याच. बाहेरून जाऊन 'आम्ही जागा घडवली' म्हणणं मला सहन होत नाही. मागोमाग भाडी वाढली तर उठावं लागतं ते आधीच्यांनाच. म्हणून 'जागा राखणं'.

ओळंबा
भावना पटते. पण प्रवेशाच्या पुस्तिकेत 'राखीव जागा' हे प्रकरण ठरलेलंच असतं! तिथे 'जागा' म्हणजे प्रवेशाच्या जागा. 'जागा राखणं', 'जागा घडवणं' दोन्ही वाचून पोरं कोट्याबद्दलच विचारतील.

मृदंग
मग 'वसवणं' घ्या. 'वस्' म्हणजे राहणं. 'वस्ती' त्यातली, 'वास्तू'ही त्यातलीच. म्हणजे वास्तुकला या नावातच राहणारी माणसं आहेत, नुसत्या भिंती नाहीत. 'कलेतून परिसर वसवणं'. 'परिसर' घेतला की जागांचा घोळही मिटतो.

पायवाट
वसलेल्याला पुन्हा काय वसवणार?

शब्दपारखी
मूळ घोटाळा 'वास्तुकला'त आहे. लोक 'वास्तुशास्त्र' समजतात आणि दिशा विचारायला येतात. 'स्थापत्य' म्हणा.

ओळंबा
'स्थापत्य अभियांत्रिकी' म्हणजे सिव्हिल! 'स्थापत्य' लिहिलं की त्या मुलीची बांधकामाची शंका पक्की झाली. आमच्यात कुणी स्वतःला स्थापत्यकार म्हणत नाही.

शब्दपारखी
सिव्हिलवाल्यांनी शब्द उचलला म्हणून आपण तो सोडायचा? मंदिर-स्थापत्य, मुघल स्थापत्य असं आपण लिहितोच. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून तो ओळखीचा आहे.

गोधडी
इतिहासात चालतो, प्रवेशअर्जावर नाही. अर्ज भरणाऱ्या मुलीनं 'स्थापत्य' वाचून चुकीची शाखा निवडली तर?

कोरा कागद
'कलाधारित' नक्की घेतेय, 'सर्जनशील' काढलं. 'परिसर'ही पटलं. पण क्रियापद अजून मिळालेलं नाही. घडवणं, वसवणं, राखणं, तिन्हींवर हरकत आहे. स्थापत्याचा वाद वेगळा धागा काढून घ्याल का?

मृदंग
वेगळा कसा होईल? अभ्यासक्रमाच्या वर्णनातच 'वास्तुकला' आहे. बरं, 'आर्किटेक्ट'ला काय लिहिलंय? वास्तुविशारद की वास्तुरचनाकार?

शब्दपारखी
वास्तुविशारद. 'रचनाकार' गाण्यांचे असतात.