लाडात वाढलेली, याच्या उलट काय म्हणायचं?

रानजाई:
आजीबद्दल थोडं लिहून ठेवतेय, घरातल्यांसाठीच. ती लहान असताना तिची आई गेली आणि ती मामाकडे वाढली, मामा चांगला होता पण घरात पोरं खंडीभर, हिच्याकडे बघणार कोण. रोज वेणी घालायला कोणाला वेळ नसायचा म्हणून केसच कापून टाकले होते. तर 'लाडात वाढलेली' याच्या बरोब्बर उलटा शब्द हवाय. उपेक्षित सुचतो पण तो अग्रलेखातला वाटतो, आजीच्या तोंडी बसत नाही.

घाटवाट:
दोडकी! लाडकी-दोडकी जोडीच आहे ना. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून आठवा, खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं.

मधलीआळी:
दोडकी नको हो. दोडकी म्हटलं की समोर कोणीतरी लाडकी लागते, आणि एकीला जवळ एकीला लांब असं जाणूनबुजून केलेलं असतं, त्या कहाणीत पण तेच आहे. इथे मामा चांगला होता असं ताईच म्हणतायत. याला सरळ आबाळ म्हणतात, कोणाच्या मनात वाईट नसलं तरी पोराची आबाळ होते. हेळसांड म्हणाल तर सांभाळणाऱ्यावर ठपका येतो, आणि परवड त्याच्याही पुढची, आज या दारात उद्या त्या दारात अशी वेळ आली की परवड.

दिवेलागण:
धाकात वाढलेली असं पण म्हणतात की, ते नाही चालणार?

मधलीआळी:
नाही चालणार. धाक म्हणजे कोणाचं तरी लक्ष असतं. माझे बाबा आजोबांच्या भयंकर धाकात वाढले, पण ताप आला की तेच आजोबा रात्रभर उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे. लाड नव्हते, आबाळही नव्हती.

रानजाई:
आबाळ एकदम चपखल! पण त्याचं विशेषण कसं करायचं, 'आबाळीत वाढलेली' कानाला खटकतं.

घाटवाट:
मधलीआळींचं पटलं मला, दोडकी मागे घेतो. आणि विशेषण हवंच कशाला, 'आईमागे तिची फार आबाळ झाली' असं लिहा, जुन्या बायका असंच बोलतात.

रानजाई:
हो, 'आईमागे' आजी पण म्हणते. हेच वाक्य घेते, थँक्यू सगळ्यांना.