कच्चा कैदी मुदत भरूनही आतच, नेमकं कुठे अडतं?

बंदीमित्र:
कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांच्या घरच्यांना कागद जमवून देणाऱ्या गटासाठी विचारतोय. साधं उदाहरण घ्या: घरातल्या चोरीचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम 305, कमाल शिक्षा 7 वर्षं. आधी कधीही शिक्षा झालेली नाही. 29 महिने आत आणि अजून आरोपनिश्चितीही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली (कमाल शिक्षेचा ठराविक हिस्सा आत काढला की जामीन) सुटायला हवा ना? आणि यूएपीएवाल्यांचं (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली, मुख्यतः दहशतवादाच्या आरोपात धरलेल्यांचं) काय?

रोजनामा:
हिशेब बरोबर. 84 महिन्यांचा तिसरा हिस्सा 28, म्हणजे महिनाभर जास्तच झाला. गुन्हा 1 जुलै 2024 च्या, म्हणजे या संहिता लागू होण्याच्या, आधीचा असला तरी चालतो, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलंय. दिवस अटकेच्या तारखेपासून मोजा, जेलच्या दाखल तारखेपासून नाही. पोलीस कोठडीही धरली जाते.

एक शब्द सगळे विसरतात. पूर्वी शिक्षा न झालेल्याला तिसऱ्या हिश्श्यानंतर 'बंधपत्रावर' सोडायचं आहे, आणि संहितेच्या व्याख्येत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका. अर्जात हे ठळक लिहा. नाहीतर सवयीने 'एक सक्षम जामीनदार' असा आदेश निघतो आणि माणूस पुन्हा तिथेच.

अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे, पण त्यावर विसंबू नका. त्यांना लेखी द्या, पोच घ्या, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. ते न्यायाधीन बंदी आढावा समितीवर असतात, अधीक्षकही असतात.

आता अडतं कुठे ते. आरोपीमुळे लागलेला उशीर वजा होतो. जेलमधून कोर्टात नेणारी पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून माणूस कोर्टात आलाच नाही, आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत) पडलं 'आरोपी गैरहजर'. 'कारागृहातून हजर केले नाही' असं पडायला हवं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक! प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची नक्कल काढा आणि अशी नोंद दिसली की वकिलांकडून त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. वर्षभराने कोण ऐकतंय?

दुसरा खड्डा 479(2). एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली जामीन नाही. आपल्याकडे एका एफआयआरमध्येच तीन-चार कलमं लावतात, मग शब्दशः वाचलं तर सुटणार कोण? म्हणून नेहमीचा जामीन अर्ज आणि राज्यघटनेच्या कलम 21 चा (जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा) मुद्दा सोबत ठेवाच.

सातबारा:
वरचं ठीक, पण माझ्या मते जास्त माणसं अडकतात ती आदेश निघाल्यावर. जामीनदाराकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी, कोर्ट मागेल तिथे तहसीलदारांचा ऐपतदाखला, वर पत्त्याची पडताळणी. भाड्याने राहणाऱ्या बिगारी कामगाराचा जामीनदार शेजारच्या खोलीतलाच असणार, त्याच्याकडे यातलं काय असतं? मग कोर्टाबाहेरचे दलाल भाड्याचे जामीनदार आणून देतात. खोटा सातबारा पकडला गेला तर जामीनही जातो आणि नवा गुन्हाही लागतो. त्याऐवजी तात्पुरत्या रोख जामिनावर सोडण्याचा अर्ज करा, जामीनदार आणायला काही आठवडे मिळतात.

31 जानेवारी 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांत हे आहे: आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलकडे, 7 दिवसांत सुटका नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, हेही आहे. अर्जात तारखेसकट लिहा. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कच्च्या कैद्याला ठराविक मर्यादेपर्यंत जामिनाची रक्कम मिळते, पण यूएपीए, एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करणं), लाचलुचपत वगळून.

आणि पैसे भरण्याआधी जेलमधून एक खात्री करा: दुसऱ्या ठाण्याचं प्रॉडक्शन वॉरंट (दुसऱ्या गुन्ह्यात कोर्टात हजर करण्याचा आदेश) लागलंय का? एका गुन्ह्यात सुटून दुसऱ्यात अडकला तर उधारीवर जमवलेले पैसे कोर्टात पडून, घरात चूल थंड. नावाचं स्पेलिंग आणि गुन्हा क्रमांकही तपासा, एका अक्षरासाठी आदेश परत येतो.

नक्कलविभाग:
यूएपीएत बहुतेक मोठ्या कलमांना जन्मठेप आहे, त्यांना 479 चं घड्याळच नाही. वर कलम 43ड(5): आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. हाती उरतात दोन गोष्टी.

एक, मुदतीचा जामीन, म्हणजे ठरलेल्या दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर मिळणारा. एरवी 60 किंवा 90 दिवस, यूएपीएत मुदतवाढीसह 180. मुदत संपल्यावर आरोपपत्र येण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. तासाभराचा उशीरसुद्धा हक्क घालवतो. मुदतवाढ कोणी दिली तेही बघा: एल्गार परिषद खटल्यातल्या वकील सुधा भारद्वाज यांना डिसेंबर 2021 मध्ये याच मुद्द्यावर जामीन मिळाला, कारण पुण्यात मुदतवाढ देणाऱ्या कोर्टाला तो अधिकारच नव्हता.

दोन, उशीर. सुप्रीम कोर्टाचा के. ए. नजीब (2021) निकाल हा मुख्य आधार: खटला फार लांबला तर यूएपीएतही जामीन देता येतो. शिवाय जुलै 2024 चा जावेद गुलाम नबी शेख निकाल: मुंबईत फेब्रुवारी 2020 ला अटक, चार वर्षांत आरोपनिश्चिती नाही, साक्षीदार 80. नुसता 'खूप उशीर' नको, असे आकडे द्या.

तब्येतीचा अर्ज मात्र आजच. त्याच एल्गार परिषद खटल्यातले फादर स्टॅन स्वामी पार्किन्सन्सचे रुग्ण होते, ग्लास हातात धरवत नव्हता. तळोजा जेलमध्ये स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना नोव्हेंबर 2020 मध्ये कोर्टात जावं लागलं. 5 जुलै 2021 ला ते गेले, जामीन अर्ज प्रलंबितच. वय 84. म्हणून 'उपचार द्यावेत' असं मोघम मागू नका. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, लागणारी वस्तू आणि वैद्यकीय अहवाल कोणत्या तारखेपर्यंत हवा, हे मागा.

बंदीमित्र:
मोठी मदत झाली. रोजनामा ऑनलाइन दिसतो तोच जोडला तर?

रोजनामा:
तो पाहण्यापुरता. 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून तारखा काढा, संशयाच्या तारखांवर खूण करा आणि तेवढ्याच प्रमाणित नकलांचा अर्ज द्या. सगळ्या मागितल्या तर नकलेतच महिना जाईल.